कोंबडी आणायला निघालेली बाई

तोंगयोंग,
फेब्रुवारी अखेर

प्रिय थेसक,

'प्रिय' हा शब्द सवयीने पडला आहे, त्याचा फार अर्थ काढू नकोस. पत्र दुसऱ्या कुठल्या शब्दाने सुरू करतात ते मला कोणी शिकवलं नाही, आणि 'महाशय' म्हणावं इतका परका तू अजून झालेला नाहीस. इतक्या वर्षांनी माझं अक्षर पाहून तू दचकला असशील, तर खुशाल दचक. तुझी माफी मला नको आहे, ती ठेवायला माझ्याकडे जागा नाही. मला तुझ्याकडून एकच वस्तू हवी आहे. ती तुझ्या ऑफिसात पडून आहे, आणि तिच्यावर तुझ्यापेक्षा आमचा हक्क जास्त आहे. काय ते शेवटी सांगते. आधी सांगितलं तर तू उरलेलं पत्र वाचणार नाहीस. मी ओळखते तुला. हवं तेवढं ठेवायचं आणि बाकीचं कापून टाकायचं, हा तुझा धंदाच आहे.

ताई आजारी आहे आणि आता बरी होणार नाही. बंदरावरच्या इस्पितळात शेवटच्या आजाऱ्यांसाठी एक मजला आहे, तिथे तिला ठेवलं आहे. खिडकीतून कालवांच्या होड्या दिसतात. ती रोज त्यांच्याकडे बघते आणि यंदा कालवं बारीक आली म्हणून कुरकुरते. तिचं तयार भाज्या-लोणच्यांचं दुकान आता मी चालवते. मुळ्याची आंबवलेली तिखट किमची, सोया सॉसमधली वांगी, वाळवलेल्या बोंबलासारखी ती गोड-तिखट मासळी, सगळं तिच्याच पद्धतीने करते, पण गिऱ्हाईक तोंडात घालतं आणि काही न बोलता पुडा उचलतं. पूर्वी लोक दुकानातच बोटं चाटायचे. मासेवाली पिल्सूनमावशी परवा म्हणाली, "मीरान, तुझ्या हाताला मीठ कळतं गं, पण माणूस कळत नाही." मावशीची जीभ तुला ठाऊक आहे. तुला पहिल्यांदा बघून तिने ताईला विचारलं होतं, "हा जावई आणलायस की वाळत घातलेला मासा?"

तो दिवस तुला आठवत असेल. नसेल तर मी आठवण करून देते, कारण या पत्राचं सगळं मूळ त्या दिवसात आहे. थंडी होती, कोबीचे ढीग रस्त्यापर्यंत आले होते. आई गेली तेव्हा मी दुसरीत होते आणि ताई विशीची. मला तिने वाढवलं, म्हणजे तुझ्या बाबतीत सासू तीच. घरी पहिल्यांदा येणाऱ्या जावयासाठी सासूने अंड्यावरची कोंबडी कापायची, हा आपल्याकडचा रिवाज. ताई आदल्या आठवड्यापासून त्या कोंबडीवाल्याच्या मागे लागली होती. म्हातारी नको, खुराड्यातली नको, अंडी देणारीच हवी. तू आलास तो खांद्यावर चॅनेलच्या ऑफिसचा कॅमेरा घेऊन. कालवांच्या हंगामाची बातमी करायची होती म्हणालास, जाता जाता बाजाराचं थोडं घेतो म्हणालास. ताईला काय, तिला जावयाचं सगळंच कौतुक. तिने एप्रनच्या नाड्या आवळल्या, रबरी हातमोजे कमरेला खोचले आणि पुढे निघाली कोंबडी आणायला. तू मागून चालत होतास, मी तुझ्या बाजूला. गर्दीतून ती अशी चालली की माणसं आपोआप बाजूला होत होती. मला तेव्हा तिचा अभिमान वाटला होता. तुला काय वाटलं ते मला वसंतात कळलं.

वसंतात, रात्रीच्या जेवणाच्या बातम्यांत, देश लठ्ठ होत चालल्याचा गजर झाला. बातम्या देणारी बाई गंभीर तोंड करून सांगत होती की ही लाट आहे, साथ आहे, तिजोरीवर ओझं आहे, आणि मागे चित्र चाललं होतं. एक बाई बाजारातून पाठमोरी चालली आहे. मानेपासून वर काही नाही. फक्त पाठ, ढुंगण, पोटऱ्या, फुलाफुलांची विजार. आणि एप्रनच्या नाड्या, एक हिरवी आणि एक लाल. तो एप्रन मी शिवला होता. हिरवं कापड कमी पडलं म्हणून दुसरी नाडी लाल लावली होती, आणि ताई म्हणाली होती, "बरं झालं, हरवले तर ओळखू येईन." माझ्या हातातला भाताचा घास तसाच राहिला. ताई बघत होती. ती उठली आणि भांडी घासायला लागली. अजून जेवण व्हायचं होतं, पण तिने माझ्यासमोरची वाटीसुद्धा उचलून नेली.

मी तुला फोन केला तेव्हा तू काय म्हणालास ते मला शब्दान् शब्द आठवतं. "चेहरा दाखवलाय का? नाही ना? मग कोणाला कळणार?" नंतर म्हणालास की चेहरा न दाखवणं हाच आदर आहे, ऑफिसचा तसा नियमच आहे. तू फक्त बाजाराचं चित्रण जमा केलं होतंस, कुठलं कुठे लावायचं ते वरचे ठरवतात. थेसक, तुझ्या त्या राजधानीत कदाचित लोक एकमेकांचं तोंड बघून ओळखत असतील. आमच्या बाजारात बायका दिवसभर टोपल्यांवर वाकलेल्या असतात. इथे प्रत्येकीला प्रत्येकीची पाठच पाठ आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी दुकानाची फळी उघडायच्या आत पिल्सूनमावशी ओरडली, "काय गं गुमरान, काल टीव्हीवर तुझं ढुंगण आलं आणि आम्हाला गोडसुद्धा नाही!" मावशी तरी तोंडावर बोलली. बाकीच्या हळू बोलल्या, आणि ताईला सगळं ऐकू आलं. एक जुनी गिऱ्हाईक, जिची दोन्ही पोरं आमच्या तिळाच्या तेलातल्या पालेभाजीवर वाढली, ती पुडा परत ठेवत म्हणाली, "नको गं बाई, तेल जास्त असतं तुझ्या हातचं, बातम्यांत सांगतात ना." तिळाचं तेल तितकंच होतं जितकं काल होतं. फरक एवढाच झाला होता की देशाने ताईकडे बोट दाखवलं होतं.

मी असं म्हणत नाही की वजनाने काहीच होत नाही. ताईचे गुडघे दुखायचे, जिना चढताना ती कठडा धरायची, मला दिसत होतं. पण तुझ्या बातम्यांत गुडघ्यांची काळजी कुठे होती? साप साप म्हणून भुई धोपटायची आणि भुईवर जे माणूस उभं आहे त्याला लागतंय का ते बघायचंच नाही. त्या बातमीनंतर त्याच चॅनेलवर काय लागलं होतं सांगू? चिमणीएवढी एक पोरगी नूडल्सची परात घेऊन बसली होती आणि सुर्र सुर्र करून एकटीने संपवत होती. लोक टाळ्या वाजवत होते. तिचं खाणं म्हणजे गंमत, आणि माझी ताई, जी दुकानातलं उरलेलं उभ्या उभ्या भातावर घेऊन खाते, ती चालली की देश धोक्यात येतो. याला न्याय म्हणतात का रे तुमच्याकडे?

ते चित्र तुम्ही पुन्हा लावलंत. आणि पुन्हा. उन्हाळ्याच्या आधी लावता, नव्या वर्षाच्या संकल्पांच्या वेळी लावता, साखरेवर कर बसवायचा विषय निघाला की लावता. दरवेळी ताई कोंबडी आणायला निघते आणि दरवेळी तुम्ही तिला मानेशी कापता. आपलं ठरलेलं लग्न का मोडलं असं लोक मला विचारायचे, मी सांगायचे जमलं नाही. ताईने मात्र कधी तुला दोष दिला नाही, हे तुला कळायला हवं. उलट माझ्याशीच भांडली. "पोरगं चांगलं आहे गं. नोकरी आहे त्याची. माझ्या ढुंगणापायी तू का म्हणून बिनलग्नाची राहतेस?" मी म्हटलं, ढुंगणापायी नाही, तो 'कोणाला कळणार' म्हणाला त्यापायी. ती म्हणाली, "मग तसं सांग लोकांना, मला उगाच पापात घालू नकोस." आणि हसली. हसणं तिचं गेलं नव्हतं. गेलं ते निराळंच.

ती फोटोत येईनाशी झाली. बाजाराची सहल निघाली की कॅमेरा तिच्या हातात, "तुम्ही उभ्या राहा गं, मी काढते." कोणाच्या घरी बारसं असो की साठी, ती मागे स्वयंपाकात. आणि एका दुपारी मी दुकानातून आले तर ती जमिनीवर बसली होती, समोर सगळे जुने फोटो, हातात किमची कापायची कात्री. एकेका फोटोतून स्वतःला कापून काढत होती. मी कात्री हिसकावली तोवर उशीर झाला होता. माझ्या पदवीच्या दिवसाचा फोटो तुला मी दाखवला होता, फुलांचा गुच्छ घेतलेला. आता त्यात मी आहे, गुच्छ आहे, आणि माझ्या खांद्यावर एक हात आहे. हात कोणाचा ते फोटोत नाही. टीव्हीवर तिचं अंग आहे आणि डोकं नाही, घरात नुसता हात आहे.

मग मागच्या वर्षी पाठ दुखायला लागली. मोठ्या रस्त्यावरच्या डॉक्टरकडे गेलो. त्याने ताईकडे बघायच्या आधी वजनाच्या आकड्याकडे बघितलं, आणि नंतरही तो आकड्याशीच बोलत राहिला. "एवढं ओझं वाहतेय म्हटल्यावर पाठ दुखणारच. आधी वजन कमी करा, मग बघू." ताई आज्ञाधारक. भात सोडला, रात्रीचं सोडलं. वजन उतरायला लागलं. आधी हळूहळू, मग भराभर. डॉक्टरने टेबलावर थाप मारली, "शाबास! अशाच राहा." पाठ अजून दुखते म्हणून सांगितलं तर म्हणाला, शरीराला सवय व्हायला वेळ लागतो. आणि बाजार! थेसक, तू बाजार बघायला हवा होतास. ज्या बायकांनी पुडे परत ठेवले होते त्या विचारायला यायच्या, "गुमरान, काय करतेस गं, आम्हाला पण सांग की! व्हिनेगर पितेस का?" ताई म्हणायची, "काही नाही गं, भूकच लागत नाही." त्या म्हणायच्या, "नशीबवान आहेस." आयुष्यभर ज्या बाईला कोणी सुंदर म्हटलं नव्हतं तिला मरणाने सुंदर केलं, आणि सगळा गाव टाळ्या वाजवत राहिला. मीही तिला नवी विजार शिवून दिली, कंबर आत घेऊन. खुशीने शिवली. ताईसुद्धा खूश होती, हे सगळ्यात वाईट. काचेत वळून वळून बघायची.

एका सकाळी तिचे डोळे पिवळे दिसले म्हणून मी तिला दुसऱ्या इस्पितळात नेलं. स्वादुपिंडाचा कॅन्सर होता. तिथल्या तरुण डॉक्टरणीने विचारलं, "इतकं वजन गेलं तेव्हा कोणी तपासलं नाही?" मी काय सांगणार? सगळ्यांनी अभिनंदन केलं, हे सांगितलं. लवकर आलो असतो तर वाचली असती असं काही ती म्हणाली नाही, आणि मीही विचारलं नाही. पण एखाद्या बारीक बाईची पाठ अशी दुखली असती आणि तिच्या अंगावरचे कपडे असे लोंबायला लागले असते, तर कोणीतरी घाबरलं असतं. ताईच्या वेळी कोणी घाबरलं नाही. घाबरण्याचा सगळा साठा तुम्ही ती जाडी होती तेव्हाच संपवून टाकला होता.

आता मुद्द्याजवळ येते. आपल्याकडे माणूस गेलं की तीन दिवस अंत्यविधीच्या दालनात फोटोच यजमान असतो, हे तुला सांगायला नको. लोक येतात, पांढरी फुलं ठेवतात, फोटोला वाकून नमस्कार करतात, फोटोशी बोलतात, फोटोसमोर रडतात आणि मग बाहेर बसून रस्सा-भात खातात. इस्पितळात आजाऱ्यांचा तो फोटो आधीच काढून ठेवायला फोटोवाले येतात. चांगली माणसं आहेत, पैसे घेत नाहीत, ओठ रंगवतात, रेशमी कपडे चढवतात. ताईची पाळी आली. तिने सगळं करून घेतलं, लाडाने करून घेतलं, आणि समोर आरसा धरला तेव्हा हाताच्या पालथ्या बाजूने ओठ पुसून टाकले. म्हणाली, "हिचा नका काढू. ही मी नाही. ही आजाराची बाई आहे." फोटोवाला बिचारा म्हणाला, "ताई, पण किती छान दिसताय, गालाची हाडं कशी नटीसारखी आलीयत." ताई भिंतीकडे तोंड करून झोपली. घरी ओळखपत्राचा एक फोटो होता, अठराव्या वर्षीचा. तो दाखवला तर म्हणते, "मेली म्हातारी आणि फोटोत पोरगी. लोक म्हणतील चुकून दुसऱ्याच्या मयताला आलो." मी म्हटलं, मग काय नुसती चौकट ठेवू? ती म्हणाली, "ठेव. टीव्हीवाल्यांना तसंही डोकं लागत नाही." त्यावर आम्ही दोघी हसलो, आणि मग मी बाहेर जाऊन कपडे वाळत घालायच्या गच्चीवर रडले.

गेल्या मंगळवारी तिला चाकाच्या खुर्चीतून टीव्हीच्या खोलीत नेलं होतं. दुपारच्या बातम्या लागल्या, आणि तीच साथ, तोच गजर, तीच पाठ. शेजारच्या खुर्चीतल्या बाई चुकचुकल्या. "शी! काय हे अंग! जिभेला जरा लगाम नको का?" आणि ताईच्या काडीसारख्या मनगटावर हात ठेवून म्हणाल्या, "आपण बऱ्या बाई, आटोपशीर." मला वाटलं ताई आता कोसळेल. मी खुर्ची मागे ओढायला लागले. तिने हाताने थांबवलं. ती बघत होती. डोळे असे लावून बघत होती जसं कोणी स्टेशनवर आपल्या माणसाला शोधतं. मग त्या बाईंना म्हणाली, "अहो, असं नका बोलू तिला. जावयासाठी कोंबडी आणायला चाललीय ती. बघा ना, काय ठसक्यात चाललीय. माणसं बाजूला होतायत." चित्र संपलं. मग मला म्हणाली, "मीरान, किती बळ होतं गं तिच्या अंगात. मला ती पाहिजे फोटोत. मला तिच्यासारखं जायचंय."

म्हणून हे पत्र. तुझी आता बढती झाली आणि जुनं सगळं चित्रण तुझ्याच हाताखाली असतं, असं तुझी चुलतबहीण म्हणाली. त्या दिवशी मी तुझ्या बाजूला चालत होते हे विसरू नकोस. कोंबडीवाल्याच्या वळणावर ताई थांबली, मागे वळली, आणि सगळ्या बाजाराला ऐकू जाईल असं ओरडली, "काय हो जावईबापू, तंगडी आवडते की छाती?" आणि हसली. दोन्ही गाल वर जाऊन डोळे मिटले होते, नाकाला मसाला लागला होता. तू कॅमेरा खाली घेतला नव्हतास, पुढचा लाल दिवा चालू होता, मी पाहिला. तू लाजून उत्तरच दिलं नाहीस, आणि तिने तुला दोन्ही वाढलं. तेवढा तुकडा तुम्हाला कधी लागला नाही, म्हणून तो तिथेच पडून असणार. जगात तिचा तसा दुसरा फोटो नाही. तो शोध आणि पाठव, लवकर पाठव, डॉक्टर आता दिवसांच्या हिशेबात बोलायला लागले आहेत. बाजार नको, पाठ नको, चाल नको. सगळ्या देशाला अंग दाखवून तुमचं झालं आहे, आणि जे उरलं आहे ते इथे माझ्यापाशी आहे. मला फक्त डोकं पाठव.

तुझीच व्हायची राहून गेलेली,
मीरान